पोर्तोचा बाजार, दोरूची बाग

पोर्ट वाईनची द्राक्षं पोर्तो शहरात पिकत नाहीत, आणि ती वाईन पोर्तोत मुरतही नाही. द्राक्षं पिकतात दोरू नदीच्या वरच्या खोऱ्यात, शंभरेक किलोमीटर पूर्वेला, उभ्या डोंगरउतारांवर. वाईन मुरते नदीपलीकडच्या व्हिला नोवा द गाया या शहरात. ते पोर्तोच्या अगदी समोर असलं तरी त्याची नगरपालिका वेगळी आणि इतिहासही वेगळा. पोर्तोने दिलं ते नाव, बंदर आणि व्यापारी. बागेत कितीही राबा, भाव ठरायचा तो याच नदीकाठी. निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळणाऱ्या बाईला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

माझी मुलगी रॉटरडॅमला असते. आपल्याकडच्या निर्यातीच्या द्राक्षांचे कितीतरी कंटेनर त्याच बंदरात उतरतात. एप्रिलची खरड छाटणी उरकून मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला संग्रहालयं नकोत, चर्च नकोत, मग एकदा द्राक्षांचं शहर तरी बघ.” पोर्तोत सकाळी निघून शहरभर पायी फिरवणाऱ्या आणि शेवटी गायात वाईन चाखवणाऱ्या फेऱ्या असतात. त्यातल्या एका फेरीला आम्ही गेलो. वाट दाखवणारी मुलगी दोरू खोऱ्यातल्या रेग्वा गावाच्या वरच्या अंगाच्या एका खेड्यातली, बागाइतदाराच्या घरची. शहराच्या इमारती ती झपाझप सांगून टाकायची, द्राक्षाचा विषय आला की थांबायची. मला तेच हवं होतं.

सुरुवात साओ बेंतो रेल्वे स्थानकापासून. जुन्या बेनेडिक्टाइन जोगिणींच्या मठाच्या जागेवर हे स्थानक उभं राहिलं आणि १९१६ मध्ये खुलं झालं. आत शिरलं की भिंतीच्या भिंती निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांनी मढवलेल्या. जॉर्जे कुलासो या चित्रकाराचं हे काम, सुमारे वीस हजार फरशा. लोक माना वर करून मोठी चित्रं पाहतात: लढाया, १३८७ साली इंग्रज राजघराण्यातल्या फिलिपाशी लग्न करायला पोर्तोत आलेला राजा जुआंव पहिला, १४१५ ची सेउटाची मोहीम. मी छोट्या चित्रांपाशी रेंगाळले. एकात द्राक्षतोडणी आहे, दुसऱ्यात नदीतून पिंपं नेणारी होडी. फरशीजवळ तोंड नेलं की रंगाच्या कडा किंचित पसरलेल्या दिसतात, आणि दोन फरशांच्या सांध्यावर एखाद्या बाईचा हात जरासा सरकलेला. राजाच्या लग्नाइतकी जागा तोडणीला मिळालेली नाही; पण ज्या गाडीने वाईन बागेकडून शहराकडे यायला लागली, त्या गाडीच्या स्थानकात तोडणी आहे, हे मला फार योग्य वाटलं. दोरूच्या काठाने जाणारी ही रेल्वे १८८७ मध्ये स्पेनच्या हद्दीपर्यंत, बार्का द आल्वापर्यंत पोचली.

त्याआधी सगळा माल नदीने यायचा. बार्को राबेलो नावाची होडी, तळाला सपाट, एकच चौकोनी शीड, आणि मागे लांबलचक वल्ह्यासारखं सुकाणू. ते हाताळायला उंच माचीवर उभं राहावं लागे, नाहीतर पिंपांच्या राशीपलीकडचे खडक दिसायचेच नाहीत. येताना धारेबरोबर यायचं, जाताना रिकामी होडी वर ओढायची. वारा असला तर शिडावर, नसला तर काठावरून माणसांनी आणि बैलांनी दोरखंड ओढून. दोरूवर धरणं झाली आणि हा व्यवसाय संपला. आज गायाच्या धक्क्याला बांधलेल्या राबेलो कंपन्यांच्या नावाच्या पाट्या मिरवतात, आणि २४ जूनला संत जॉनच्या सणाला त्यांची शर्यत लागते.

रुआ दास फ्लोरेस या जुन्या पेठेतून उतरत आम्ही एका दगडी इमारतीपाशी आलो. दर्शनी कमानी, गंभीर चेहरा, बाहेर दुकानाची पाटी नाही. ही इंग्रज व्यापाऱ्यांची फेतोरिया. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव एके काळी ‘नवा इंग्रज रस्ता’ असं होतं. इंग्रजांचा वकील जॉन व्हाइटहेड याच्या देखरेखीखाली १७९० पर्यंत ही इमारत पुरी झाली. आत जेवणाची दोन दालनं शेजारी शेजारी आहेत. एकात जेवायचं, मग उठून दुसऱ्या दालनात त्याच क्रमाने बसायचं आणि पोर्ट प्यायची, म्हणजे वाईनच्या वासात जेवणाचा वास मिसळत नाही. आत जायला आम्हाला मुभा नव्हती. बाहेर उभं राहूनच ऐकलं.

इंग्रज इथे का आले, त्याचं कारण फ्रान्स. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-फ्रान्सचं वैर पेटलं, फ्रेंच वाईनवर कधी बंदी, कधी जबर जकात. पिणारे तर होतेच. मग व्यापाऱ्यांनी पोर्तुगाल शोधलं. २७ डिसेंबर १७०३ ला मेथ्युएन तह झाला: इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालने घ्यायचं, आणि पोर्तुगीज वाईनवर इंग्लंडने फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लावायची. दोरूच्या डोंगरांत लागवड वाढत गेली. गॅलिशियाहून आलेल्या मजुरांनी पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड फोडून ताली रचल्या, आणि ताली रचत रचत डोंगर वर चढवला. माती तिथे नव्हतीच. दगड फोडून ती तयार केली.

मागणी वाढली की काय होतं हे आम्ही बेदाण्यातही पाहिलं आहे आणि टेबल द्राक्षांतही. जो तो लागवड करतो, कमी प्रतीचा माल चांगल्या मालात मिसळतो, आणि मग एका वर्षी भाव कोसळतो. दोरूत तसंच झालं. वाईनला रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळं मिसळायला लागले. गोडी कमी पडली तर साखर, जोर कमी पडला तर हलकी दारू. १७५४ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्यासाठी खोऱ्यात वाईन घेणाऱ्या आडत्यांना पत्र लिहून सगळा दोष बागाइतदारांवर टाकला. आडत्यांचं उत्तरही तितकंच स्पष्ट होतं: रंग गडद हवा, वाईन पेटती हवी, ही मागणी तुमचीच होती. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या बोलत होत्या, पण भाव पडल्याचा मार बागाइतदारांनाच बसला. इंग्रज त्या वर्षी थांबू शकत होते. उतरवलेलं द्राक्ष थांबत नाही.

माझे मिस्टर गेल्यानंतर लगेचच्या हंगामात एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याने माझ्या बागेचा शिवारसौदा केला, माल उचलला, थोडे पैसे हातावर ठेवले आणि उरलेल्या रकमेचा चेक दिला. तो वटला नाही. त्याचा फोनही नंतर लागला नाही. आमच्या भागात हे अनेकांच्या वाट्याला आलं आहे. म्हणून १७५६ साली दोरूत जे घडलं, ते मी जीव लावून ऐकलं.

त्या वर्षी १० सप्टेंबरला राजाच्या हुकमाने एक कंपनी निघाली, आल्तो दोरूच्या द्राक्षशेतीची सर्वसाधारण कंपनी. तिच्यामागचा माणूस सेबाश्तियांव जुझे द कार्वाल्यो, म्हणजे पुढे मार्केस द पोंबाल. आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या भूकंपात लिस्बन जमीनदोस्त झालं होतं आणि शहर पुन्हा बांधायचं काम त्याच्याच हाती होतं. या माणसाच्या गोष्टीत आपणही आहोत. १७३८ साली तो पोर्तुगालचा वकील म्हणून लंडनला गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, साष्टी त्याआधीच गेली होती, आणि गोव्यावरही मराठ्यांचं दडपण आलं. गोवा राखायला इंग्रजांनी हात द्यावा म्हणून लंडनमध्ये खटपट करणं पोंबालच्या वाट्याला आलं. इंग्रजांनी दाद दिली नाही. जुना दोस्त म्हणवणारा देश व्यापारात आपल्याला कसा बांधून ठेवतो आणि गरजेला कसा पाठ फिरवतो, हे त्याने तिथे राहून पाहिलं. पोर्तोतल्या इंग्रजांना लगाम घालायची जिद्द एकट्या वसईतून आली असं मी म्हणणार नाही. पण त्या जिद्दीत वसईचाही वाटा होता, असं मला मनापासून वाटतं. (त्याच्याच कारकिर्दीत, १७७४ मध्ये, गोव्यातलं इन्क्विझिशन बंद झालं. त्याची सत्ता गेल्यावर, १७७८ मध्ये, ते पुन्हा सुरू झालं.)

कंपनीने जे केलं ते असं. चांगली वाईन देणारा मुलूख आखला आणि त्याच्या हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले, १७५८ मध्ये आणि मग १७६१ मध्ये. एकूण ३३५. दगडावर ‘फेतोरिया’ हा शब्द आणि साल कोरलेलं. हद्दीच्या आतली वाईन इंग्लंडला जायच्या लायकीची, तिला चढा भाव. बाहेरची घरच्या बाजारासाठी. भावाच्या कमाल-किमान मर्यादा ठरल्या. एल्डरची झुडपं उपटून टाकायचा हुकूम झाला. हद्दीतल्या बागांना शेणखत घालायलाही बंदी आली, कारण खताने घड वाढतात आणि रस पातळ होतो. हे शेवटचं ऐकून मला त्या काळच्या कारकुनाबद्दल आदर वाटला. द्राक्षाचं वजन आणि द्राक्षाची प्रत एका दिशेने चालत नाहीत, हे ज्याला कळतं त्याने बाग जवळून पाहिलेली असते.

पण पोंबालला थोर म्हणून सोडून देणं मला जमत नाही. शहरातली किरकोळ वाईनविक्रीही त्याने कंपनीच्या ताब्यात दिली. गुत्ते बंद झाले, उरलेल्यांत वाईन महागली. गुत्तेवाले, पिंपं बनवणारे कारागीर आणि गरीब बायका-माणसं २३ फेब्रुवारी १७५७ ला, उपवासाच्या पहिल्या बुधवारी, रस्त्यावर उतरली. कंपनीच्या प्रमुखाच्या घरावर चालून गेली, तोडफोड झाली. दिवस मावळेपर्यंत सगळं निवळलंही. पोंबालने मात्र तो राजद्रोह ठरवला. शहरात सैन्य आणून बसवलं, त्याचा खर्च शहराच्या माथी मारला, शेकडो लोकांवर खटले चालवले आणि ऑक्टोबरमध्ये माणसं फासावर चढवली. त्यांत बाईही होती. शासनाच्या लेखी हा दारुड्यांचा दंगा. मला तो भाकरीचा दंगा वाटतो, कारण पोर्तोच्या गरिबाला वाईन म्हणजे जेवणातला घास होता. बागाइतदाराला वाचवायचं म्हणून शहरातल्या गरिबाला चिरडलं गेलं, आणि बागाइतदारातही वाचले ते मोठ्या जमिनीचे. हद्दीच्या दगडाच्या एका हात अलीकडे ज्याची बाग होती त्याचं भलं झालं, पलीकडच्याची पिढी बसली.

रिबेरा या नदीकाठच्या चौकात उतरलो की समोर दोरू, आणि पलीकडे गायाच्या लालसर कौलांच्या वखारींची रांग. काठावरच एका भिंतीत ब्राँझचं चित्र बसवलेलं आहे, त्याच्यापुढे मेणबत्त्या पेटवलेल्या असतात. २९ मार्च १८०९ ला नेपोलियनचा सेनापती सूल्त पोर्तोत घुसला. नदीवर तेव्हा होड्या एकमेकींना बांधून केलेला पूल होता. भेदरलेली माणसं पुलावर लोटली, मधल्या फळ्या निसटल्या, मागून येणारे पुढच्यांना ढकलत राहिले. हजारो बुडाले म्हणतात. स्थानिक बायका अजून तिथे मेणबत्ती लावून जातात. आमच्यासमोरच एक म्हातारी वाकली, वाऱ्याने विझलेली दुसऱ्या कुणाची तरी मेणबत्ती तिने आपल्या मेणबत्तीवर पेटवली, आणि पिशवी उचलून चालू लागली.

त्यानंतर सहा आठवडे उलटतात तोच, १२ मे ला, वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नदी ओलांडली. फ्रेंचांनी होड्या पलीकडे नेऊन ठेवल्या होत्या. पोर्तोच्या एका न्हाव्याने वाईन वाहणाऱ्या चार होड्या कुठे बांधल्यात ते दाखवलं, त्या गुपचूप आणवल्या आणि त्यांतून शिपाई तुकड्यातुकड्यांनी पार झाले. हाच वेलस्ली १८०३ मध्ये असई आणि आडगाव इथे मराठ्यांशी लढला होता.

आता नदीवर लोखंडी पूल आहे, लुईस पहिला याच्या नावाचा. आयफेलचा एके काळचा भागीदार थेओफिल सेरिग याने आराखडा केला, १८८६ मध्ये खुला झाला. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते, खालून इतर वाहनं. आम्ही खालून चालत गेलो. पाच-सात मिनिटांत गाया.

वाईन पोर्तोत न ठेवता इथे का ठेवली, याची दोन कारणं सांगतात. एक जुनं: पोर्तोच्या काठावर बिशपचा अंमल होता, बंदरात उतरणाऱ्या मालावर तो कर घ्यायचा, आणि यावरून राजाचं त्याच्याशी वाजायचं. राजा आफोन्सो तिसरा याने १२५५ साली गायाला सनद देऊन समोरच दुसरं बंदर उभं केलं. दुसरं कारण हवेचं: गायाचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, समुद्र जवळ, हवा दमट आणि थंड. वरच्या दोरूत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे पिंपात राहिलेल्या वाईनला भाजका वास धरतो.

या वखारींनीही युद्ध पाहिलं. १८३२-३३ मध्ये पेद्रू आणि मिगेल या दोन राजभावांच्या गादीच्या भांडणात पोर्तोला वर्षभर वेढा पडला. वेढा उठायच्या वेळी, ऑगस्ट १८३३ मध्ये, मिगेलच्या माणसांनी कंपनीच्या वखारींना आग लावली. हजारो पिंपांची वाईन आणि तिच्यात मिसळायची दारू जळत नदीत वाहिली. कंपनीचे खास हक्क त्यानंतर पुढच्याच वर्षी काढून घेतले गेले, मग थोडे परत दिले, आणि १८६५ मध्ये व्यापार मोकळा झाला.

वखारीत आत गेलो. काळोख, ओल, वर उंच कौलं, खाली रांगांनी पिंपं. एक पिंप साडेपाचशे लिटरचं. लाकूड ओक. मी एका पिंपाच्या तोंडाशी वाकून पाहिलं: लोखंडी पट्ट्या गंजलेल्या, झाकणाच्या फळ्यांच्या फटीत बारीक लव्हाळ्याची पाती ठोकून बसवलेली, आणि खडूने लिहिलेले आकडे दोन-तीनदा पुसून पुन्हा लिहिलेले. वखारीच्या माणसाने वाईन कशी होते ते सांगितलं. तोडणीनंतर द्राक्षं दगडी हौदात तुडवतात. आधी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत, तालावर पाय टाकत, दोन तास. मग रांग सुटते, वाद्यं वाजतात. अजूनही उत्तम वाईनसाठी काही बागांत पायांनीच तुडवतात, कारण पायाने बी फुटत नाही आणि कडवटपणा उतरत नाही. आंबायला लागल्यावर साखर निम्मी उरली की हौदातला रस काढून त्यात द्राक्षाचीच ७७ टक्के दारू ओततात, पिंपामागे शंभराहून थोडी अधिक लिटर. आंबणं तिथेच थांबतं. उरलेली साखर वाईनमध्ये राहते, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. जोर १९ ते २२ टक्के.

ही रीत पहिल्यापासूनची नाही. आधी समुद्रप्रवासात वाईन टिकावी म्हणून तयार वाईनमध्ये थोडी दारू घालत. एकोणिसाव्या शतकात आंबणं मध्येच थांबवायची पद्धत सार्वत्रिक झाली. तिला कडाडून विरोध करणारा माणूसही इंग्रजच, जोसेफ जेम्स फॉरेस्टर. हलमध्ये जन्मला, १८३१ मध्ये पोर्तोत आला, होडीतून फिरून त्याने दोरूचे अप्रतिम नकाशे काढले, आणि १८४४ मध्ये पत्रक काढून आपल्याच जातभाई व्यापाऱ्यांवर भेसळीचा आरोप केला. दारू न घातलेली दोरूची वाईन हीच खरी, असं त्याचं म्हणणं. पोर्तुगालने त्याला १८५५ मध्ये बॅरन केलं. १२ मे १८६१ ला वालेराच्या धबधब्यासारख्या खडकाळ धारेत त्याची होडी उलटली आणि त्याचं प्रेतही सापडलं नाही.

त्याच होडीत दोना अँतोनिया फरेरा होत्या. त्या वाचल्या. घेरदार झग्यात हवा भरून त्या तरंगल्या, असं सगळे सांगतात. मला त्या झग्यापेक्षा बाई महत्त्वाची वाटते. जन्म १८११, रेग्वाजवळ. १८४४ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, नवरा गेला. पदरात मुलं, कर्ज आणि बागा. एका सत्ताधारी सरदाराने, सालदान्याच्या ड्यूकने, तिच्या कोवळ्या मुलीला सून करून घ्यायचा घाट घातला, तेव्हा ती मुलीला घेऊन वेष बदलून देश सोडून गेली, पण मुलगी दिली नाही. परत आल्यावर तिने बागा वाढवल्या, रस्ते आणि दवाखाने यांना पैसे दिले, भाव पडले तेव्हा शेतकऱ्यांची वाईन विकत घेऊन साठवली. १८९६ मध्ये ती वारली तेव्हा खोऱ्यातली सगळ्यात मोठी बागाइतदार तीच होती. नवरा गेलेल्या बाईच्या दारात व्यापारी कसा बोलतो, आवाज किती मऊ करतो आणि भाव किती खाली आणतो, हे मला ठाऊक आहे. लोक तिला लाडाने ‘फरेरिन्या’ म्हणतात. वखारीत तिच्या तसबिरीसमोर मी हात जोडले. मुलीने विचारलं, “काय गं आई?” मी म्हटलं, “काही नाही, चल.”

तिच्या हयातीत दोन संकटं आली, आणि दोन्ही आम्हाला ओळखीची. पहिली भुरी. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत भुरी दोरूत पोचली, मण्यांवर पांढरी राख, मणी तडकून वाया. उपाय सापडला तो गंधकाचा. आजही ढगाळ हवा दिसली की आमचा हात गंधकाकडेच जातो. दुसरं संकट फायलोक्सेरा, मुळांवर जगणारी बारीक कीड. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर ती युरोपात शिरली, १८६० च्या दशकात दोरूत दिसली, आणि वीस-पंचवीस वर्षांत डोंगरच्या डोंगर वाळले. फवारणी कामाची नव्हती, कीड जमिनीत. शेवटी उतारा अमेरिकेतूनच आला: किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर आपल्या जातीची काडी बांधायची. माझी थॉम्पसन डॉगरिज खुंटावर उभी आहे, तोही टेक्सासच्या रानवेलीच्या कुळातला. आम्ही तो क्षारासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी घेतला, पण पाचर कलम तेच, सुतळीसारखी पट्टी आवळायची पद्धत तीच. ज्यांना पुन्हा लागवड परवडली नाही त्यांच्या ताली तशाच पडून राहिल्या. दोरूत अशा मेलेल्या ताली अजून दिसतात. काहींवर ऑलिव्ह लावलेत, काहींवर नुसतं झुडूप.

व्यापार मोकळा झाल्यापासून इतर प्रांतांतली वाईनही ‘पोर्ट’ म्हणून विकली जायला लागली होती. १९०७ मध्ये हद्द पुन्हा आखली. तरी इंग्लंडशी झालेल्या एका कराराच्या कलमावरून खोऱ्यात भडका उडाला आणि जुलै १९१५ मध्ये लामेगोत निदर्शकांवर गोळ्या चालल्या, माणसं मेली. मग १९२६ चा कायदा आला, ज्याच्यावर माझं मन सगळ्यात जास्त अडकलं. पोर्ट निर्यात होईल ती फक्त गायातल्या वखारींतून. कारण शुद्धतेचं दिलं, आणि भेसळीला आळा बसलाही असेल. पण त्याचा अर्थ असा, की ज्याच्या तालीवर द्राक्ष पिकतं, ज्याच्या हौदात वाईन होते, त्याने ती आपल्या नावाच्या बाटलीत भरून परदेशात पाठवायची नाही. आधी गाया. वखार हवी, मोठा साठा हवा, आणि साठ्यातला एक तृतीयांशच वर्षाला विकता येणार. लहान बागाइतदाराला हे कधी जमणार? १९३२ मध्ये बागाइतदारांची संस्था, कासा दु दोरू, निघाली. पुढच्या वर्षी पोर्ट वाईन संस्था. गायाची सक्ती उठली ती १९८६ मध्ये. साठ वर्षं.

चाखायला चार ग्लास मांडले होते. मी एरवी पीत नाही. इथे जिभेवर घोळवण्यापुरती घेतली, कारण द्राक्षवालीने द्राक्षाची चव नाकारू नये. पांढरी पोर्ट मला उथळ वाटली. रुबी ताजी, रंग गडद, लाकडाशी थोडाच संबंध आलेला, तोंडात काळ्या द्राक्षाची साल चावल्यावर येतो तसा तुरटपणा. मग दहा वर्षांची टॉनी, आणि वीस वर्षांची. टॉनी लहान पिंपात वर्षानुवर्षं राहते, लाकडातून हवा लागते, तांबडा रंग उतरून तपकिरी होतो. वीसच्या ग्लासाला आटलेल्या काकवीचा वास होता, आणि गिळल्यावर चव बराच वेळ हलत नव्हती. ‘वीस वर्षं’ म्हणजे प्रत्येक थेंब वीस वर्षांचा नाही. वेगवेगळ्या सालांची वाईन मिसळतात आणि सरकारी चाखणारे ती त्या वयाची चव देते की नाही ते ठरवतात. ज्या वर्षी हवा फारच जमून येते, त्या एकाच सालाची व्हिंटेज करतात. ती दोनेक वर्षं लाकडात, मग बाटलीत दशकानुदशकं. गोव्याहून येताना लोक ‘पोर्ट’ म्हणून जी गोड तांबडी बाटली आणतात, तिचा या खोऱ्याशी संबंध नाही. युरोपात ते नाव दोरूच्या हद्दीबाहेरच्या वाईनला लावता येत नाही.

इतर मंडळी दुसऱ्या ग्लासावर होती तेव्हा मी त्या वाट दाखवणाऱ्या मुलीला घरच्या बागेबद्दल विचारलं. तिने सगळं सांगितलं. खोऱ्यातली प्रत्येक बाग गुणांकन करून ए, बी, सी अशा श्रेणीत बसवलेली आहे. उंची, उतार, उताराचं तोंड, माती, जात, वेलीचं वय, एकरी उतारा, सगळ्याला गुण. दरवर्षी उन्हाळ्यात एकूण किती पोर्ट करायची ते ठरतं, आणि श्रेणीप्रमाणे प्रत्येक बागेला वाटा मिळतो. त्याला ‘बेनेफिसियो’ म्हणतात. वाट्यातल्या द्राक्षाला बरा भाव. वाट्याबाहेरचं द्राक्ष साध्या वाईनला जातं, आणि त्याचा भाव कधी कधी तोडणीची मजुरीही भरून काढत नाही. तिच्या वडलांची बाग मधल्या श्रेणीतली. खप कमी झाला की वाटा कमी होतो, ताली मात्र तेवढ्याच सांभाळाव्या लागतात, यंत्र चालत नाही, आणि मजूर मिळत नाही. मी विचारलं, “पैसे कधी मिळतात?” माझ्या मुलीने प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती म्हणाली, माल दिल्यावर काही महिन्यांनी, हप्त्यांनी. बुडतात का, हे मी विचारलं. बुडवणं कठीण, कारण किती द्राक्ष कुणाकडे गेलं त्याची नोंद संस्थेकडे असते.

मला ते खोरं स्वतः पाहायचं होतं. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी रेल्वेने रेग्वाला गेलो. दोन तासांची वाट, शेवटचा टप्पा अगदी नदीला चिकटून. तिथे जुन्या कंपनीच्या इमारतीत दोरूचं संग्रहालय आहे. नाशिक-सांगलीहून द्राक्षबागाइतदारांचे अभ्यासदौरे परदेशात जातात, पॅकहाऊस आणि नवी वाणं पाहतात. त्यांनी पोर्तोला जावं, गायात ग्लास हातात घ्यावा, आणि मग रेग्वाची गाडी नक्की धरावी. हद्दीचे दगड बरेच अजून जागेवर आहेत, कुणाच्या बांधावर, कुणाच्या घराच्या भिंतीत. वाट गावात विचारावी लागते. ज्याच्या बागेत दगड आहे तो बागवाला स्वतः बरोबर येऊन दाखवतो, आणि आपली बाग दगडाच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगतो.